मधुवंतीचे पाच विषय

मधुवंती हट्ट करत नाही, याची सुमेधाला भीती वाटे. बाकीच्या आया मुलांच्या हट्टापायी मेटाकुटीला येतात, हिच्या घरी उलटं. दुकानात नेलं तर पायात बसेल तो बूट मधुवंतीला चालतो. सहलीच्या बसमध्ये खिडकी दुसऱ्याने पटकावली तरी चालतं. जेवताना सगळे कशावर तरी हसले की ती हातानेच विचारायची, काय झालं? सुमेधा म्हणायची, नंतर सांगते. ते 'नंतर' बहुतेक वेळा उगवायचंच नाही, पण मधुवंतीने कधी तगादा लावला नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर खांदे उडवायची. आता ती सोळा वर्षांची झाली होती. जी आईकडेच काही मागत नाही ती जगाकडे काय मागणार, आणि न मागणाऱ्याला जग काय देणार? भाजी चिरताना, गाडी चालवताना, लॅबमध्ये नमुन्यांवर लेबलं लावताना हा विचार सुमेधाच्या मागे असायचाच.

मधुवंतीला जन्मापासून ऐकू येत नाही. हे कळण्याआधीच तिच्या आजोबांनी आपल्या आवडत्या रागाचं नाव नातीला ठेवून टाकलं होतं. पुढे लोक त्या नावावर हळहळत. मधुवंतीला त्यात हळहळण्यासारखं काहीच दिसलं नाही. तिची तक्रार एवढीच, की इंग्रजीत त्याची दहा अक्षरं होतात आणि बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर लिहिता लिहिता समोरचा कंटाळतो. शाळेतल्या मैत्रिणींनी मग तिला खुणेचं नाव दिलं: डाव्या भुवईवर टेकलेलं बोट. शंका आली की ती तेवढी एकच भुवई उचलते म्हणून. बधिरांच्या जगात असं नाव स्वतःचं स्वतः घेता येत नाही, आईबापांनाही ठेवता येत नाही. ते त्यांच्यातल्याच कुणीतरी द्यावं लागतं.

पुण्यात असताना स्पीच थेरपीवाल्या बाईंनी बजावलं होतं, हातवारे अजिबात करू नका, मुलगी बोलण्याचा आळस करेल. म्हणून सुमेधा तिला आरशासमोर बसवून तासन्‌तास प, फ, ब करून घेई. कानातल्या यंत्रातून गोंगाट पोचायचा, शब्द पोचत नव्हते. मधुवंती सहा वर्षांची असताना प्रमोदला हॅमिल्टनजवळ 'ते रापा' या गावी दूध पावडरच्या कारखान्यात ऑटोमेशन इंजिनियरची नोकरी मिळाली आणि घर न्यूझीलंडला आलं. तिथे लॉरेन नावाची एक बधिर बाई दर आठवड्याला घरी यायला लागली, सगळ्या घरालाच खुणांची भाषा शिकवायला. घसा न वापरता ती इतकं बोले की प्रमोद गमतीने म्हणे, ही बाई गेल्यावर घर शांत वाटतं.

मधुवंतीने ती भाषा तहानलेल्यासारखी प्यायली. एका सकाळी भिजलेल्या हिरवळीकडे पाहून तिने विचारलं, गवत ओलं का? तो तिच्या आयुष्यातला पहिला 'का' होता. सुमेधाला उत्तर द्यायला खुणा आठवेनात. त्यानंतर वर्षभर घरात 'का'ची बरसात होती.

मोठी झाल्यावर ती ऑकलंडच्या बधिर मुलांच्या शाळेत गेली. सोमवार ते शुक्रवार तिथल्याच वसतिगृहात, शनिवार-रविवार घरी. काही तास आपल्या शाळेत आणि काही शेजारच्या ऐकणाऱ्यांच्या कॉलेजात, दुभाष्याला सोबत घेऊन. पुढचं वर्ष इयर ट्वेल्व्हचं, म्हणजे आपल्याकडची अकरावी. विषय निवडायचे होते. पाच.

आता अकरावीला साइड निवडणं हे मराठी घरात काय असतं ते सांगायला नको. प्रमोदच्या मनात शंका नव्हती: फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलस, इंग्लिश आणि डिजिटल टेक्नॉलॉजी. त्याचा कॉलेजातला मित्र शुभम क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे. तोही फोनवर म्हणाला होता, कोडिंगला कान कुठे लागतात, कॉम्प्युटर कुणाला ऐकू येतं का विचारत नाही. प्रमोद-सुमेधा दोघांनाही ते फारच पटलं. शनिवारी प्रमोदने सगळं मधुवंतीला समजावून सांगितलं. जिथे त्याचे हात अडखळले तिथे तिच्या धाकट्या भावाने, अक्षतने पुरं केलं. मधुवंतीने भुवई उचलली आणि म्हणाली, ओके. घरात तो विषय तिथेच संपला.

शाळेत मात्र तो सुरू व्हायचा होता. त्या शाळेची एक रीत आहे. वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी आपली निवड स्वतः मांडायची, घरच्यांसमोर आणि शिक्षकांसमोर, आपल्या भाषेत. त्यांचं सांगून झाल्याशिवाय पालकांनी तोंड उघडायचं नाही.

बुधवारी दोघं गाडी काढून ऑकलंडला गेले. खोलीत खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. पडदे अर्धे ओढले होते, कारण बोलणाऱ्याच्या पाठीमागून उजेड आला तर त्याचे हात आणि चेहरा काळवंडतो. वरच्या वर्गांचे प्रमुख, डीन मिस्टर हॅरिस स्वतः बधिर. त्यांनी हातांनीच 'किया ओरा', म्हणजे तिथला नमस्कार केला. सुमेधा सवयीप्रमाणे मधुवंतीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं प्रत्येक डॉक्टरच्या, प्रत्येक शाळेच्या बाकावर ती अशीच बसत आली होती. मूल बावरलेलं असलं की आई लगटून बसते, त्यात विचार करण्यासारखं काय?

मधुवंती उठली. आईला कोपराला धरून तिने हळूच उठवलं आणि समोरच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

"आई, तिथून तुला मी दिसत नाही," ती म्हणाली.

दुभाषी बाई सुमेधाच्या बाजूला येऊन बसल्या. मग मधुवंतीने बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि बोलायला सुरुवात केली.

घरी मधुवंती सावकाश बोलते. प्रत्येक खूण सुटी करून, मोठ्या अक्षरांत लिहिल्यासारखी, मधेमधे थांबून आईबाबांना कळलं का बघत. इथे तिला थांबायची गरज नव्हती. तिचे हात सुटले. भुवया, गाल, खांदे, सगळं एका वेळी बोलू लागलं. कुणाची नक्कल करताना तिचं अंग बदलत होतं, नजर बदलत होती; एक माणूस डावीकडे उभं राहत होतं, दुसरं उजवीकडे, आणि हवेतली ती माणसं आपापल्या जागा सोडत नव्हती. सुमेधाच्या कानाशी दुभाषी बाईंचं इंग्रजी येत होतं, पण ते धापा टाकत मागून धावत होतं. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत डीन हसलेले असत. सुमेधाला वाटलं, आपण इतकी वर्षं समुद्र बघायचा म्हणून घागरीत डोकावत होतो.

मधुवंतीने तिचे पाच विषय सांगितले. इंग्लिश. स्टॅटिस्टिक्स. बायोलॉजी. न्यूझीलंडची खुणांची भाषा. आणि पाचव्याच्या जागी बालशिक्षणाचा कोर्स, ज्यात आठवड्यातला एक दिवस शाळेच्याच बालवाडीत काम करायचं. फिजिक्स नाही. केमिस्ट्री नाही.

प्रमोदला राहवलं नाही. तो दुभाषी बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाला, तिला विचारा, फिजिक्समध्ये तिला मेरिटची श्रेणी आहे, मग सोडायचं कशासाठी?

डीननी बोटाने दाखवलं: तिला विचारा, तिच्याकडे बघून.

प्रमोद ओशाळला. त्याने मुलीकडे पाहून तेच पुन्हा विचारलं.

"कॉलेजात सर प्रयोग करतात आणि करता करता बोलतात," मधुवंती म्हणाली. "ऐकणारी मुलं प्रयोग बघतात आणि ऐकतात. मी एक तर प्रयोग बघते, नाही तर दुभाष्याला बघते. डोळे दोन असले तरी बघतात एकीकडेच, बाबा. मेरिट मला मिळालं ते नंतर वसतिगृहात एकटीने पुस्तक वाचून. पुढेही मिळेल. जमतं मला. पण मला ते नको आहे."

मग तिने सिनाबद्दल सांगितलं. सिना बालवाडीतली, सामोआ बेटांवरून आलेल्या एका घरातली, साडेतीन वर्षांची, बधिर. सकाळी शाळा भरण्याआधी आणि जेवणाच्या सुट्टीत मधुवंती बालवाडीत मदतीला जायची. सिना रोज सकाळी फाटकाशी आईच्या झग्याला धरून आकांत करी. आई जाई ती डोळे पुसत, शिक्षिका हैराण. सगळे म्हणत, फार हट्टी आहे.

"हट्टी नव्हती," मधुवंती म्हणाली. "तिच्याकडे 'नंतर' नव्हतं. 'उद्या' नव्हतं. आई गेली म्हणजे गेली. रोज सकाळी तिची आई तिला कायमची टाकून जात होती, आणि रोज दुपारी अचानक सापडत होती."



मधुवंतीने त्या मुलीबरोबर एक खेळ सुरू केला. आई जाते, टाटा. आपण जेवतो. आपण जमिनीवर आडवे होऊन झोपतो. आपण उठतो. दार उघडतं, आई. पुन्हा पहिल्यापासून. रोज, कितीतरी आठवडे. मग त्यात मोठी झोप आली, मोठ्या झोपेनंतरचा सूर्य आला, आणि 'उद्या'ची खूण आली: गालाजवळून पुढे जाणारं बोट. हे सगळं मधुवंती बोलून दाखवत नव्हती, ती ते करत होती. सिना झाली, सिनाची आई झाली, दार झाली. एका सकाळी सिनाने फाटकाशी आईचा झगा आपणहून सोडला, आईकडे वर पाहिलं आणि गालाजवळचं बोट पुढे नेलं. उद्या पण येशील ना?

"तिच्या आईला काही कळलं नाही," मधुवंती म्हणाली. "मग मी जाऊन कागदावर लिहून दाखवलं. ती खाली बसली तिथेच."

सुमेधाच्या डोळ्यांपुढे पुण्यातल्या, कर्वेनगरच्या बालवाडीचं निळं फाटक आलं. फाटकाच्या गजांत अडकलेली मधुवंतीची बोटं एक-एक करून सोडवावी लागत. बाई म्हणत, तुम्ही मागे वळून बघू नका, हट्टी मुलं अशीच सुधारतात.

मधुवंती आता फक्त तिच्याकडे बघत होती. "माझ्याकडेही नव्हतं, आई. मला आठवतं. लॉरेननी दिलं मला. केमिस्ट्री माणूस कधीही वाचू शकतो. हे कुणाच्या तरी हातांतूनच मिळावं लागतं, आणि लहान असतानाच."

नंतर प्रमोदकडे वळून म्हणाली, "ऐकणारे लोक ही भाषा शिकून मुलांना देतील म्हणाल तर, बाबा, तुम्ही दहा वर्षं शिकताय आणि अजून साइन करता तेव्हा कणीक मळल्यासारखं दिसतं." डीन इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. प्रमोदही हसला.

सुमेधा हसली नाही. तिला हसू, रडू काहीच येत नव्हतं. रात्रीच्या आकाशाखाली उभं राहिल्यावर माणूस जसा गप्प होतो तशी ती झाली होती. एका माणसाने दुसऱ्याला 'उद्या' द्यायचा! आणि ते माणूस तिच्या पोटचं, चालेल-ओके म्हणणारं, खांदे उडवणारं.

निघताना डीन म्हणाले, घरी बोला आणि शुक्रवारपर्यंत कळवा. गाडीपाशी सुमेधाने आपल्या अडखळत्या हातांनी मधुवंतीला विचारलं, बाबा नाही म्हणाले तर? मधुवंतीने खांदे उडवले. अगदी बुटांच्या दुकानात उडवते तसेच. मग आईला मिठी मारून ती वसतिगृहाकडे पळाली.

परतीच्या वाटेवर बॉम्बे हिल्स नावाच्या टेकड्या लागल्या. एरवी तिथे आला की प्रमोद म्हणतो, चला, मुंबई मागे पडली. आज म्हणाला, "या देशात बधिर मुलं किती? मूठभर. त्या मुठीत पोरीचं आयुष्य कोंबायचं? फिजिक्स घेतलं तर दारं उघडी राहतात, सुमेधा. लहान मुलांचा लळा काय, पुढेही लावता येईल."

तो खोटं बोलत नव्हता. जे बोलत होता ते मायेपोटीच बोलत होता. घर आल्यावर गाडी बंद करताना तो म्हणाला, उद्या जेवणाच्या सुट्टीत शाळेला मेल टाकतो. बालवाडी काढून फिजिक्स घाला म्हणतो, बाकी तिच्या मनासारखं.

"ती काही म्हणायची नाही," तो म्हणाला. "तुला माहीतच आहे."

माहीत होतं. तेच तर सुमेधाला खुपत होतं. मधुवंती खरंच काही म्हणणार नव्हती. ओके म्हणेल, फिजिक्स घेईल, रात्री एकटी वाचेल, मेरिट आणेल. आणि घरचे सगळे समजतील की हिला चालतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सुमेधाचं लक्ष लागेना. साडेअकरानंतर तिने हातमोजे काढले, हात धुतले आणि बाहेर पार्किंगमध्ये आली. वारा होता, ऊन होतं. प्रमोदच्या दारांच्या प्रश्नाला तिच्याकडे अजूनही उत्तर नव्हतं. कदाचित तो म्हणतो तेच बरोबर ठरेल. कदाचित पाच वर्षांनी पोरगी स्वतःच म्हणेल, तेव्हा मला अडवलं का नाहीत. पण काल ज्या मुलीने खोलीभर माणसांना जागच्या जागी बसवून ठेवलं, तिला आपण परत बुटांच्या दुकानात नेऊन उभं करायचं, हे सुमेधाच्याने होणार नव्हतं. मुलीने मागितलं होतं. बाह्या सरकवून, सगळ्यांदेखत मागितलं होतं. आता ओके म्हणायची पाळी आईबापांची होती.

कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही, प्रमोदचा कपाटात असतो, आणि कंट्रोल रूमला घरच्यांनी फोन करायचा तो कुणी दवाखान्यात असेल तरच, असा त्यांचा जुना ठराव. तो घाबरेल, हे तिला माहीत होतं. घाबरू दे. आधी सांगू, सगळे ठीक आहेत. मग सांगू, मेल पाठवू नकोस. आणि पाठवलाच असशील तर मी मिस्टर हॅरिसना आत्ता कळवते, की मधुवंतीचे पाच विषय तिने सांगितले तेच.

सुमेधाने वाऱ्याकडे पाठ केली आणि कंट्रोल रूमचा नंबर लावला.