सासऱ्यांचा ट्रक

सासऱ्यांना मी पहिल्यापासून आवडत नव्हतो, आणि मलाही ते आवडत नव्हते. चाकणच्या बाजारातून पुण्याला कांदा वाहणारा त्यांचा एक ट्रक होता. मी दापोडीला लष्करी गाड्या दुरुस्त करणारा फिटर. ‘लोखंड घासणाऱ्याला पोरगी दिली,’ असं ते माझ्यादेखत पाहुण्यांना सांगायचे.

पुढे त्यांनी भामा नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावांतून लाकडी कोळसा आणायचं काम घेतलं. रस्ता कसला, बैलगाडीची चाकोरी. ट्रक सारखा रुतायला लागला, तेव्हा त्यांना जावई आठवला.

“तुमच्या मिलिटरीच्या गाड्या म्हणं चारी चाकांनी वढत्यात. आमच्या गाडीला करा तसं.”

एका भंगार लष्करी ट्रकचा पुढचा ॲक्सल आणि ताकद पुढं-मागं वाटून देणारी पेटी त्यांनी मला न विचारताच आणून अंगणात टाकली होती. मी चाक फिरवून पाहिलं. आतल्या दातांचा मेळ आमच्या मागच्या ॲक्सलशी बसत नव्हता. दोन्ही जोडले असते तर पुढची चाकं एका वेगानं पळायला बघणार, मागची दुसऱ्या, आणि काहीतरी मोडणार.

“मामा, त्याच ट्रकचा मागचा ॲक्सलही आणावा लागेल. आपला काढायचा.”

“धडधाकट ॲक्सल फेकायचा? गाडी काय तुमच्या बापाची हाय व्हय?”

माझे वडील नुकतेच गेले होते. मी पाना तिथंच टाकला आणि चालायला लागलो. बायकोनं वेशीपाशी गाठलं. मला वाटलं, समजूत काढायला आली.

“अहो, एवढं पुरं करून दाखवा,” ती म्हणाली, “मग पुन्हा या दारात पाऊल टाकू नका. मीही टाकणार नाही.”

पुढच्या रविवारी मागचा ॲक्सल अंगणात येऊन पडला होता. कोण काय बोललं, ते मला कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर माझे सगळे रविवार त्या ट्रकखाली गेले. गिअरबॉक्सपासून मागं जाणारा लांब शाफ्ट कापला, मध्ये पेटी बसवली. पुढचा ॲक्सल इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला घासत होता, म्हणून स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी उचलली. सासरे बाजेवर बसून प्रत्येक बोल्टाला नावं ठेवायचे. सासूबाई माझ्यासाठी चहा घेऊन आल्या की उठून आत जायचे.

दगड भरून ट्रक नदीच्या पात्रात घातला. समोरचा काठ तो सरळ चढून गेला. जमलेल्या लोकांना सासरे म्हणाले, “माल मी पारखून आणला हुता.”

मी हत्यारं गोळा केली आणि घरी आलो.

पुढच्या उन्हाळ्यात अवकाळी पाऊस झाला आणि निरोप आला, ट्रक भाताच्या खाचरात बसलाय. बायको जाऊ नका म्हणाली. पण चारी चाकं लावून गाडी निघत नाही म्हणजे दोष माझ्याच कामावर येणार. मी गेलो, चिखलात आडवा झालो, खाली पाहिलं. पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा शाफ्टच जागेवर नव्हता.

“कुठाय?” मी बांधावर उभ्या सासऱ्यांना विचारलं.

“घरी काढून ठिवलाय. तेल लई खाती गाडी. आन् तुमच्या कामाचा भरवसा न्हाई.”

ड्रायव्हरला चाकणला त्यांच्या घरी पिटाळलं. तो शाफ्ट घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं दोन वेगळ्या बांधांवर पाठ फिरवून बसलो. मग मी गाडीखाली शिरलो. शाफ्टचं दुसरं टोक उचलून धरायला त्यांनाच यावं लागलं. इतक्या जवळून मी त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ओझ्यानं त्यांचे हात थरथरत होते. मला घाई करता आली असती. मी केली नाही.

ट्रक निघाला. धोतराला हात पुसत ते म्हणाले, “घरी गेल्याव परत काढून ठिवा.”

“मामा, पाना तुम्हालाही धरता येतो.”

मी केबिनमध्ये बसलो नाही. पिशवी खांद्याला लावून चालत निघालो. थोड्या वेळानं ट्रक माझ्या बाजूनं गेला, अंगावर चिखल उडवून, न थांबता.

बायकोनं शब्द पाळला, मीही. सासूबाई अधूनमधून एसटीनं दापोडीला यायच्या, दोन दिवस राहायच्या. ट्रकचा विषय निघाला की उठून चुलीपाशी जायच्या. शाफ्ट पुढं जागेवर राहिला की काढला, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.