पंखा बंद करून

बाबा पोलिसात मोठे अधिकारी होते, पण घरी त्यांनी कधी हात उचलला नाही. काही बिघडलं की पनवेलच्या उकाड्यातही ते आधी पंखा बंद करायचे आणि हळू आवाजात विचारायचे. मी न केलेल्या चुकाही कबूल करून मोकळी व्हायचे.

कोठडीतल्या मारहाणीबद्दल मानवी हक्क आयोगाने त्यांची चौकशी लावली, तेव्हा त्यांच्या बाजूने मी अख्ख्या सोसायटीशी भांडले. आता माझ्या त्या तोऱ्याची चीड येते. सुनावणीलाही गेले. पळस्प्याचा एक तरुण म्हणाला, "मारलं शिपायांनी. सायबांनी हात नाय लावला. पंखा बंद केला नि हळूच विचारलं. मी न केलेली चोरी कबूल केली."

त्या संध्याकाळी बाबांनी घरातला पंखा बंद केला. "तुला काय वाटतं?"

"खोटारडा आहे तो," मी म्हटलं.