चार जिल्ह्यांची नावं

काळेवाडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. समोरचा माणूस खरंच घाबरलाय की बायकोसमोर नाटक करतोय, हे मला त्याच्या मुठीवरून कळतं. पण रक्तात आई-बापाकडून काय काय उतरतं, ते कुणात जास्त, कुणात कमी, असं का, हे कधी नीट कळलं नव्हतं. म्हणून पंचेचाळिशीत मी मोबाइलवर एक कोर्स लावला. लोकसंख्येची आनुवंशिकी. गावाकडच्या भावाची मुलगी माझ्याकडेच राहते, चाकणला कंपनीत जाते. ती नाव ऐकून म्हणाली, "आत्या, तुले दुसरं काही नाही सुचलं?"

पहिल्याच धड्यात शिकवणारे सर म्हणाले, असं गृहीत धरा की बाहेरून कुणी राहायला येत नाही, इथून कुणी जात नाही, आणि लग्नं कुणाचीही कुणाशीही होतात. मी व्हिडिओ थांबवला. अहो, कुठल्या गावाबद्दल बोलताय? आमच्या बिल्डिंगमध्ये खाली बीडचे, वर लातूरचे, समोर कोकणातले, आणि आम्ही चंद्रपूरकडचे. अख्खं पिंपरी-चिंचवड बाहेरून आलेलं. आणि लग्न कुणाचंही कुणाशीही? आमच्या विहारात वधू-वर मेळावा होतो, तिथं तासभर समतेवर भाषणं होतात आणि चहा घेताना हळूच पोटजात विचारतात.

पुढं पी आणि क्यू आले, म्हणजे एकाच गुणाच्या दोन रूपांचं लोकांमधलं प्रमाण. पीचा वर्ग, दोन पी क्यू, क्यूचा वर्ग, सगळ्यांची बेरीज एक. ते दोन पी क्यू म्हणजे वाहक. आजार नाही, पण आजाराचा एक अंश अंगात आहे. एवढं एकच मला पक्कं समजलं, कारण तो दोन पी क्यू माझ्या घरात पोळ्या लाटत होता. भाची सिकल सेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराची, वाहक. शाळेत असताना तपासणीवाले आले होते, त्यांनी कार्ड दिलं आणि बजावलं, डॉक्टरकडे जाशील तिथं हे दाखवायचं. पोरगी आज्ञाधारक. कार्ड लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवलं. जातीचा दाखला, डोमिसाइल, मार्कशीट, आधार, बारा फोटो आणि ते कार्ड. आमच्याकडची पोरं कुठंही गेली की अख्खी फाइलच पुढं करतात, न जाणो कशावाचून काम अडेल.

तीन वर्षं ती ट्रेनी होती. गाड्यांच्या वायरी गुंफायच्या, आठ-आठ तास उभं राहून. यंदा परमनंट करणार होते. त्याआधी मेडिकल झालं. तिथंही तिनं फाइल पुढं केली. आठवड्यानं बाकीच्या मुलींना पत्र आलं, हिला आलं नाही. सुपरवायझर म्हणाला, तुझं होल्डवर आहे, ते रक्ताचं काहीतरी.

"अगं बावळटे, त्यांनी मागितलं होतं का ते कार्ड?" मी ओरडले.

"डॉक्टर होता ना तो! डॉक्टरले दाखवायचं सांगितलं होतं."

सांगितल्याप्रमाणे वागलेल्या माणसाला शिव्या देताना आपलीच जीभ अडखळते. ती रात्री जेवली नाही. परमनंट झाली की भावाचं, म्हणजे तिच्या बापाचं, गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात होणार होतं. तेही आता लटकलं.

विहारात एक वकीलबाई येतात. त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, "सिकल सेलचा रोग असेल तर दिव्यांगांच्या कायद्यात संरक्षण आहे. पण वाहक असेल तर ती आजारीच नाही."

"मग कंपनी का अडवतेय?"

"आजारी समजून."

"मग कायदा वाचवेल ना?"

"कायदा आजारी समजत नाही ना."

म्हणजे कंपनीसाठी पोरगी आजारी आणि कायद्यासाठी ठणठणीत. बरं, तिची खासगी माहिती सुपरवायझरपर्यंत गेलीच कशी, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, माहितीच्या रक्षणाचा कायदा आलाय, पण कार्ड तिनं आपण होऊन दिलं, तेव्हा संमती होती की नव्हती, यावर वाद घालता येईल. किती दिवस? तर त्या नुसत्या हसल्या. पी-क्यू परवडले, बाई. त्यांची बेरीज निदान एक तरी होते.

शेवटी म्हटलं, आपणच जाऊन समजावू. एवढा कोर्स कशासाठी केला? सुट्टी टाकली आणि भाचीबरोबर कंपनीच्या बसनं चाकणला गेले. एचआरचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. बसा मॅडम, पाणी घ्या मॅडम. मी कागद मागितला, आई-बाप-मुलांचे गोल काढले, वाहकांचे अर्धे भरले, अर्धे मोकळे ठेवले. सांगितलं की वाहक माणूस तुमच्या-माझ्यासारखाच काम करतो. तीन वर्षांत हिची रजा बघा, तिच्याएवढी हजेरी कुणाची आहे का ते बघा. दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलांची काळजी घ्यावी लागते, पण तो तिच्या घरचा प्रश्न, तुमच्या वायरींचा नाही.

साहेब खरंच ऐकत होते. मान डोलवत होते. मला चेव चढला. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी! हा गुण लोकांमध्ये टिकलाच कसा, तेही सांगितलं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथं वाहकांना त्याचा मार कमी बसला, म्हणून ती माणसं जगली. ही कमतरता नाही साहेब, ही जगून दाखवल्याची खूण आहे.

"इंटरेस्टिंग," साहेब म्हणाले. "मग आपल्याकडे हे कुठल्या भागात जास्त?"

वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखं मी पटकन सांगितलं, "गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार."

त्यांनी डायरीत लिहून घेतलं. मला केवढं बरं वाटलं, काय सांगू! वीस वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

दहा दिवसांत भाचीला पत्र आलं. परमनंट. मी बिल्डिंगभर पेढे वाटले. बीडच्या वहिनींना तर पी-क्यूसुद्धा समजावून सांगितले. त्यांनी दोन पेढे घेतले आणि दार लावलं.

महिन्याभरानं भाचीच्या गावची मैत्रीण ट्रेनी म्हणून यायची होती. राहणार आमच्याकडेच. तिला कंपनीचा नवा फॉर्म आला, तो तिनं भाचीला पाठवला. भाचीनं मोबाइल माझ्या हातात दिला. फॉर्मवर नवा रकाना होता, मूळ जिल्हा. खाली सूचना होती की पुढील जिल्ह्यांतील उमेदवारांनी सिकल सेल तपासणीचा रिपोर्ट जोडणे आवश्यक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार.

मी साहेबांना फोन लावला. ते खूश होते. "मॅडम, तुमच्यामुळेच तर! आम्हाला काही कल्पनाच नव्हती. मुलींच्या काळजीसाठीच आहे हे. रिपोर्ट आले की बघू."

"बघू म्हणजे काय करणार?"

"बघू म्हणजे बघू, मॅडम."

वकीलबाईंना विचारलं, जन्मस्थानावरून भेदभाव करायचा नाही असं घटनेत आहे ना? आहे, त्या म्हणाल्या, पण ते कलम मुख्यतः सरकारला बांधतं, खासगी कंपनीचं वेगळं बघावं लागेल. आणि कंपनी नाही कुठं म्हणतेय, ती रिपोर्ट मागतेय. मला रागसुद्धा नीट येईना. कुणावर काढायचा? साहेबांनी माझंच ऐकलं होतं. मी सांगितलेल्यात एक अक्षर खोटं नव्हतं. भाचीची नोकरी त्या बोलण्यानं वाचली, आणि त्याच बोलण्यानं आमच्याकडच्या सगळ्या पोरींच्या वाटेत काटा पडला. चांगलं केलं की वाईट, ते मला आजही धड सांगता येत नाही. लाज मात्र वाटते.

"ती विचारते, येऊ का नको," भाची म्हणाली. "तिची तपासणी झाली नाही कधी. घाबरली ती. काय सांगू?"

"ये म्हण. आणि मूळ जिल्हा पुणे लिही म्हणावं. पत्ता आपला दे."

भाची टाइप करायला लागली.

माझे वडील पिंपरीत कंपनीत लागले तेव्हा आडनाव ऐकून चार घरांनी खोली नाकारली होती. पाचव्या दारातही त्यांनी आडनाव पूर्ण सांगितलं. मी त्यांची मुलगी, आणि मी एका पोरीला तिचं गाव लपवायला सांगितलं.