भैरूचा वाटा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवासमोर डोळे मिटून मनातल्या मनात पुटपुटायची सोय असते, तिथेही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मधेच थांबवून ‘भाऊ, मागच्या वेळी तू हे वेगळं सांगितलं होतंस’ असं म्हणणार नाही. आमच्या घरात तो धोका फार.

घराघरात एकेकाला एकेक काम वाटून दिलेलं असतं. एक भांडतो, एक पैसे सांभाळतो. आमच्याकडे गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. चतुर्थीला पेडण्याच्या आमच्या वाडीत सगळी गोळा होतात, भजन आटोपतं, उसळ-पाव आणि चहा फिरतो, आणि कुणीतरी म्हणतंच, “भाऊ, ती मक्याची सांग.” मी सांगतो. वीस-बावीस वर्षं सांगतो आहे. तातूकाकाच्या नाकातली तपकीर, झाडावरून उतरताना अडकलेलं मेहुण्याचं धोतर, आणि शेवटी भैरूचा उलटा नारळ. नारळाला सगळे हसतात. माझा आवाजही तिथे बरोबर चढतो.

यंदा माझी पुतणी मीनल म्हणाली, “पण भाऊकाका, त्या भैरूचं नेमकं चुकलं काय?” साधा प्रश्न. मी तोंडात पाव कोंबला आणि हाताने ‘नंतर’ अशी खूण केली. ते नंतर म्हणजे हे.

तर—भैरू. आमच्या तातूकाकाकडे राबणारा गडी, चंदगडकडचा. तातूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. घराण्यातली एकनळी बंदूक त्यांच्याकडे आणि वाडीच्या शिकारीचा मानही त्यांचाच. (शिकार कायद्याने तेव्हाही बंद होती. ती कबुली अख्ख्या वाडीची आहे, मी एकट्याने का द्यावी?) आम्ही डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी करणारे लोक. मका पहिल्यांदा पेरला तो भैरूने, बेळगावकडून बी आणून. वाडी हसली. पण त्या वर्षी कणसं काढल्यावर थोडा मका उभा राहिला होता, आणि त्यात पहाटे मेरू चरताना दिसला. मेरू म्हणजे पुस्तकातला सांबर. तातूकाकांनी ते बघितलं, आणि तिथून उभ्या मक्याचं खातं भैरूकडे आलं.

तो ते कसं सांभाळायचा, सांगू? अर्धं शेत कापायचं, जंगलाकडचं अर्धं उभं ठेवायचं, कणसांसकट. कुंपण जंगलाच्या बाजूनेच तेवढं मोकळं. दर चार दिवसांनी मधली दोन-तीन ताटं हलक्या हाताने वाकवायची, म्हणजे पाडसाच्या तोंडाला कणीस येतं. पाडस आलं की आई येते, आणि आईमागून नर. दिवसा लांब बसून माकडं हाकायची. त्या दिवसांत भैरू साबण लावत नसे, डोक्याला तेल नाही, विडी ओढायची तर ओहोळापलीकडे जाऊन. आणि शिकारीआधीचे तीन दिवस मक्यात कुणीच पाय ठेवायचा नाही—खुद्द भैरूनेही. माणसाचा वास निघून गेला पाहिजे. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा. मीही ठेवला होता.

आता वाट्याचं. शिकार पडली की वाडीत मांसाचे वाटे घालतात ते माणसांवर नाही, चुलींवर. आमच्या वाडीच्या चुली एकोणीस. बाहेरून राबायला आलेल्या गड्याला अर्धा वाटा, तोही सगळ्यांच्या मागून, पानावर. भैरू अकरा वर्षं तो अर्धा वाटा घेत होता. बायको होती, दोन मुलगे होते, गोठ्याच्या पडवीत तीन दगड मांडून ती रांधत होती—पण ती चूल नव्हे. वाडी जिला मोजत नाही ती कसली चूल?

त्या वर्षी—गोव्यात मराठी की कोकणी, हा राजभाषेचा वाद पेटला ते वर्ष—कणसं काढायच्या दिवशी तातूकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “औंदा मेरू पडलो, तर वाटे वीस घालूचे. विसावो भैरूचो.”

कुणी काही बोललं नाही, म्हणजे मान्य. भैरू मक्याकडे तोंड करून उभा राहिला, बराच वेळ. त्या शुक्रवारी त्याची बायको म्हापशाच्या बाजारातून मोठा टोप घेऊन आली. अर्ध्या वाट्याला एवढा टोप लागत नाही.

आणि मी? मी तेव्हा म्हापशाला एका वखारीत कारकून होतो. नवं लग्न, सासुरवाडी आमोण्याची. तिथे चार मेहुण्यांच्या मधे बसून मी सांगितलं होतं, की एका गोळीत रानडुक्कर आडवा केला. का सांगितलं? जेवण चांगलं झालं होतं, एवढंच कारण आठवतं. खरं म्हणाल तर मी आयुष्यात एकदाच नेम धरला होता, म्हापशाच्या फेस्तात, चर्चच्या जत्रेत, फुग्यांवर. पाच छरे मारले. एकही फुगा फुटला नाही. फुगेवाल्याला माझी दया आली, त्याने एक फुगा तसाच दिला.

गोष्टीला पाय असतात. ती आमोण्याहून नदी ओलांडून तातूकाकांच्या कानापर्यंत आली. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कुणाला सांगत नव्हते, पण वारस शोधत होते. त्यांनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली आणि यंदाचा नेम माझा, म्हणून जाहीर केलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? तीन शब्द पुरले असते. मी काय केलं—बंदूक उचलून नळीतून एका डोळ्याने पाहिलं, जाणकारासारखं.

पुढे भाषेच्या आंदोलनात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या, मी वखारीत जाऊ शकेना, वाडीतच अडकलो. ओसरीवर वडील मराठीच्या बाजूने आणि शेजारचे कोकणीच्या बाजूने भांडायचे. तातूकाका तपकीर ओढत म्हणायचे, मेरवाक मराठी कळता की कोकणी, ता आधी विचारा. सगळे हसायचे. मी हसत नव्हतो. मी दिवस मोजत होतो. त्यात आमोण्याचा मधला मेहुणा, बस नाही तर सायकल मारत, दाजींची शिकार बघायला येऊन बसला. आणि भैरू रोज संध्याकाळी मला सांगायचा, आज दोन माद्या आल्या, आज मोठा नर आला, एवढाली शिंगं. “तुमचा नेम, भाऊ. मला घोर नाही बघा.” त्याला घोर नव्हता. तो सगळा मला होता.

इथे थांबून एक सांगतो. पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, याला जनावराची दया आली असेल. मलाही तसं वाटावं अशी फार इच्छा होती. काही वर्षं मी स्वतःला तसं सांगूनही पाहिलं—छान गोष्ट होते ती. पण नाही. मेरूचं मला काही नव्हतं. मेरूचं मांस मला आवडतं. मला भीती होती फक्त हसण्याची. वाडी हसेल, मेहुणा हसेल, बायको हसणार नाही पण हसू दाबेल.

मक्यात पाय ठेवायचा नाही त्या तीन दिवसांपैकी मधला दिवस. गोव्यात पाप करायचं तर दुपारी दोन ते चार करावं. जेवून सगळा मुलूख आडवा झालेला असतो. मी एक बनियन तीन दिवस अंगातून काढली नव्हती. तिच्या सात चिंध्या केल्या. जंगलाच्या बाजूने मक्यात शिरलो, वाकून, आणि ताटांच्या बुडाशी पानांच्या आड एकेक चिंधी बांधली. जिथे भैरूने पाडसांसाठी ताटं वाकवली होती, तिथे दोन. मला जागा कशी कळली? त्यानेच दाखवली होती. मोठ्या हौसेने.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी भैरूने रानाच्या राखणदार देवाला नारळ, रोट आणि विडी ठेवली. तो मान गड्याकडे यायची ती पहिलीच वेळ. तांबडं फुटताना आम्ही झाडावरच्या माळ्यावर बसलो होतो—काका, मी, मेहुणा, भैरू. नर आला. खरंच मोठा होता. मक्याच्या तोंडाशी थांबला, नाक वर केलं, पुढचा पाय आपटला, एकदाच ओरडला आणि मागच्या मागे फिरला. तो गेला तशा दोन्ही माद्या गेल्या. मी बंदूक उचललीसुद्धा नव्हती.

खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं की हसू येत होतं. उतरताना मेहुण्याचं धोतर फांदीला अडकलं, तेव्हा मी मोकळेपणाने हसून घेतलं. आणि मग भैरूकडे लक्ष गेलं. तो खाली उतरून मक्याच्या कडेला उकिडवा बसला होता. आत गेला नाही. ज्याने चार महिने साबण लावला नाही, तो आत जायची आपली लायकी नाही, असं ठरवून बाहेर बसला होता. त्यामुळेच दुपारी मला चिंध्या काढून आणता आल्या. सातही आणल्या. इतकं नीटनेटकं काम मी वखारीत कधी केलं नाही.

जनावर तोंडाशी येऊन फिरलं, म्हणजे कुठेतरी दोष. तिसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, दोष बंदुकीत? डावी. दोष माळ्यात? डावी. दोष राखणदाराच्या मानात? बराच वेळ काहीच पडेना. मग उजवी पडली.

देवीला मी बोल लावत नाही. तिला नको ते प्रश्न विचारले. बंदुकीचं विचारलं, माळ्याचं विचारलं. बंदूकवाल्याचं कुणी विचारलंच नाही. आणि बंदूकवाला पुढच्या रांगेत हात जोडून उभा होता.

भैरू लगेच पुढे आला. कुणी नाव घेण्याआधीच. “नारळ ठेवताना शेंडी उलटी झाली असंल, धनी. माझंच चुकलं.”

तातूकाका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, की बाहेरच्याला मान दिला, तो दोष माझा. विसाव्या वाट्याचं पुन्हा कुणी बोललं नाही. पुढल्या वर्षी काकांच्या डोळ्यांनी दगा दिला, शिकार सुटली, आणि उताराच्या त्या तुकड्यात काजू लावले. गोवा वेगळं राज्य झालं तेव्हा वाडीत फटाके वाजले, लाडू वाटले—एकोणीस घरांत मोजून, आणि गोठ्याच्या पडवीत अर्धा डबा. त्याच वर्षी भैरू बिऱ्हाड घेऊन डिचोलीकडे खाणीवर गेला.

आणि मी ही गोष्ट सांगायला लागलो. हसत हसत. उलट्या नारळासकट.

एवढंच असतं तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण दहाएक वर्षांनी म्हापशाच्या बाजारात तो मला भेटला. खाणीच्या धुळीने केस तांबडे, खोकला. चहा घेतला आम्ही. बायको-मुलांचं विचारून झालं, आणि तो म्हणाला, “भाऊ, एक मनातनं जात नाही बघा. मी रोज आठवून बघतो. नारळ मी सरळच ठेवला होता, असं वाटतं. पण मग फिरलं कशानं ते? तुमची एवढी चालून आलेली शिकार माझ्यापायी गेली.”

तो माझं तोंड बघत होता. चहावाला लांब होता, ओळखीचं कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ कुणाला मिळते? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ दे रे भैरू. माझ्या मनात काही नाही.”

म्हणजे मी त्याला माफ केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला आणि चहाचे पैसेही त्यानेच दिले.

गेल्या वर्षी तो वारला. चंदगडला, गावाकडे. थोरल्या मुलाने कळवलं. बाप तुमची फार आठवण काढायचा, म्हणाला.

हे इथपर्यंत लिहिलं आणि उठून पाणी प्यालो. छातीवरचं काहीतरी उतरलं, हे कबूल करायला हवं. बरं वाटतं आहे, आणि असं बरं वाटून घेण्याची लाजही आहे. पुढल्या चतुर्थीला मक्याची गोष्ट मागतील, तेव्हा ही सांगेन. मीनलला समोर बसवून. सांगणाराही तसा म्हातारा होत आला, आवाज चढवायची गरज उरलेली नाही.

तिने विचारलं होतं, भैरूचं नेमकं काय चुकलं. काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते माझ्या हातून—नाही. ‘चुकलं’ हा शब्दही मी भैरूचाच उचलला. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. ते मी केलं होतं. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, वाकून, एकेक गाठ नीट मारून.