आबांची मुकी मोटार आणि बापूसाहेबांचा पट

वर्ष झालं आबांना जाऊन, आणि मी त्यांच्यावर एक ओळ लिहिली नाही.

टाळत होतो. लिहायला बसलो की शिव्याच यायच्या, आणि माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आत्या-मामा सगळे आहेत.

मधे हम्पीला गेलो, मग गोकर्णला, मग फोनच हरवला. मी भरकटतो. शाळेतही हाच शेरा मिळायचा, म्हणून तर नववीतच... असो.

आज लिहितोय ते रागानं.

सकाळी बापूसाहेबांच्या नातवाची पोस्ट पाहिली. "आमच्या घराण्याच्या शंकरपटावर सर्वांना मान होता. बैलांच्या पट्टीवर मोटारसुद्धा पहिल्यांदा आमच्याकडेच पळाली."

पळाली. कोणाची, ते नाही लिहिलं.

माझ्या आजोबांची. नामदेव आबांची. आणि तुम्ही पळू दिली नव्हती, भाऊ.

साठच्या दशकातली गोष्ट. आबा अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. लष्करानं भंगारात काढलेल्या फटफटीचं इंजिन, मोडक्या लोखंडी खाटांचे अँगल आणि कुठल्याशा लॉरीची सीट. एवढ्यातून त्यांनी एका माणसापुरती मोटार बनवली. दिसायला खाटच, पण पळायची.

आवाज असा की अख्खी गल्ली शिव्या द्यायची.

अमरावतीजवळ, नांदगाव पेठेच्या अंगाला जमीनदार बापूसाहेबांच्या शेतात बैलांच्या शर्यतींचा पट भरायचा. सकाळी बैलजोड्या पळायच्या. दुपारी अमरावतीची हौशी पोरं त्याच पट्टीवर फटफट्या पळवायची. आबांनी मोटार कापसाच्या ट्रकवर चढवली आणि तिथं नेली.

बापूसाहेबांनी मोटारीकडे नाही, आबांकडे पाहिलं. "नाम्या, बैलं बुजून राह्यले. आवाज कमी कर, मंग ये."

त्याच वेळी त्यांचा मुलगा, भैयासाहेब, सायलेन्सर काढलेली फटफटी बैलांच्या शेपटीजवळून नेत होता.

तेव्हा बैल बुजले नाहीत. समजदार असावेत.

प्रश्न इंजिनाचा नव्हताच. धम्मदीक्षा घेतल्यापासून आबा कोणापुढे वाकत नव्हते, मान खाली घालून बोलत नव्हते. बापूसाहेबांना तो आवाज कमी करून हवा होता.

आबांनी मोटारीचा कमी करायचं ठरवलं. सूड म्हणून. इतका कमी, की नाही म्हणायला कारणच उरू नये.

पहिला उपाय अस्सल वऱ्हाडी. सायलेन्सरमध्ये कापूस कोंबला. जिनिंगमधल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

किक मारली तसे पेटलेले बोळे मागून उडाले आणि दोरीवरच्या त्यांच्याच धोतराला भोकं पडली.

आजी म्हणाली, "मोटार बनवून राह्यले का फटाके?"

मग नळीचं तोंड बारीक केलं. आवाज गेला, पण इंजिन गुदमरलं. म्हातारा बैलही पुढे गेला असता.

शेवटी लांब नळीला भोकं पाडली, तिच्यावर मोठा पाइप चढवला आणि मधल्या पोकळीत लेथवरचा लोखंडी कीस ठासला. मोटारीखालून वळसा देऊन नळी मागे काढली.

आबा सांगायचे, "धुराले अडवाचं नाई. त्याले जाऊ द्याचं. आवाजाले फिरवू फिरवू थकवाचं."

आजीनं मोटारीचं नाव ठेवलं मुकी.

पुढच्या पटाला आबांनी चालू इंजिनासकट मुकी नेऊन बापूसाहेबांच्या लाडक्या बैलाशेजारी उभी केली.

बैल रवंथ करत होता.

सगळा पट त्याच्या जबड्याकडे पाहत होता.

जबडा थांबला नाही.

बापूसाहेब म्हणाले, "अशी मुकी मोटार पयवून काय मजा? पटात आवाज पाह्यजे."

लोक हसले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

आबा म्हणाले, "मोटार मुकी हाय, बापूसायेब. मी नाई."

संध्याकाळी बक्षिसं वाटायला सगळे मांडवात जमले. भोंग्यावर भाषण सुरू झालं. आबांनी किक मारली आणि मुकी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरधाव पळवली.

कोणी मान वळवली नाही. ऐकूच आलं नाही कोणाला.

पाहिलं फक्त एकानं. पट्टीच्या शेवटी भैयासाहेब फटफटीवर बसून सिगारेट ओढत होते. आबांची आणि त्यांची नजरानजर झाली.

नंतर लोकांनी विचारलं तर भैयासाहेब म्हणाले, आपण काही पाहिलं नाही.

झालं. सायलेन्सर इतका चांगला जमला, की त्यापायी आबा जन्मभर थापाडे ठरले. लग्नात, तेराव्याला, चहाच्या टपरीवर, कोणीतरी हमखास म्हणायचं, "काय नामदेवराव, आज पयवली का मुकी?"

आबा प्रत्येकाला पूर्ण गोष्ट सांगायचे. दरवेळी. मोठ्या आवाजात.

तेव्हा नातवा, पोस्ट एडिट कर. नाव टाक. नाहीतर मी रोज तुझ्या पोस्टखाली येऊन लिहीन, मला दुसरं कामही नाही.

आणि भैयासाहेबांना आता ऐकू येत नाही म्हणे. जन्मभर सायलेन्सर काढून फिरले. मला वाईट वाटलेलं नाही.

थांबा. फाटकाशी ऑटो थांबला.

कोणी म्हातारे काठी टेकत उतरलेत. आजी दारात गेली आणि तिथंच उभी राहिली. म्हणतेय, भैयासाहेब आहेत.

अमरावतीहून. या वयात.

बहिरा माणूस, त्यामुळे आमच्या अर्ध्या जठारपेठेला ऐकू जाईल असं बोलताहेत.

"पोट्ट्याले म्याच सांगतलं होतं. त्यानं नाव लेहलं नाई म्हून आलो. नामदेवची मुकी पयाली होती. म्या पायली होती. याच डोयानं."

राग गेलेला नाही माझा. आबा जिवंत असताना यायला काय झालं होतं, हे विचारणारच आहे. ओरडून विचारावं लागेल.

शेजारचे बाहेर आलेत. एक जण त्यांना हळू बोला म्हणून खुणावतोय.

त्याला आधी गप्प करतो.

आज त्यांना कोणी आवाज कमी करायला सांगायचं नाही.

आबा, ऐकून घ्या.

जय भीम.