बीलफेर

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी झूटरमेरच्या सुपरमार्केटात कोबी निवडत होतो. "भावजी, विनय गेला..." मी विचारलं, "कुठे?" लोकहो, जिवलग मित्राच्या मरणावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा! पण शनिवार होता, आणि शनिवारी विनय कुठेतरी जायचाच.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच कंपनीत इकडे डचांच्या देशात आलो. त्याच्या टीममध्ये फेरो बेटांवरची एक बाई होती. तिच्याकडून त्याने एक शब्द उचलला, 'बीलफेर'. म्हणजे मोटारीचा प्रवास. शेवटी आणखी एक अक्षर आहे, ते लिहायचं पण उच्चारायचं नाही. दर शनिवारी डीमनहून येऊन तो मला गाडीत कोंबायचा, आणि बांधावरच्या रस्त्यांवर आमची त्या शब्दाची चिरफाड चालायची. "ऑटोमोबीलमधलं डोकं डचांनी ठेवलं, 'ऑटो'. फेरोवाल्यांच्या वाट्याला डॅनिश लोकांकडून शेपूट आलं, 'बील'." "आणि आपण?" "आपण दोन्ही टाकलं. गाडी!"

भांडण व्हायचं ते 'फेर'वरून. मी ठणकावायचो, हा आपलाच फेर! फेरी, फेरफटका! विनय कपाळावर हात मारायचा. "गाढवा, त्यांचा 'फेर' म्हणजे नुसता प्रवास. परत यायचं त्यात कुठेही नाही."

त्या शनिवारी सकाळी मी तापाने पडलो होतो, म्हणून तो एकटाच वाखनिंगनकडे निघाला; माझा ताप दुपारी उतरला. वाटेत छातीत कळ आली. गाडी कडेच्या पार्किंगमध्ये नीट लावली, इंजिन बंद केलं... आणि संपलं.

गाडी आणायला वहिनींनी मला पाठवलं. विनय ताडमाड, मी हा असा. सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली. पुढे ओढायला हात घातला, पण ओढवेना. पाठीशी जॅकेट कोंबलं, सीटच्या कडेवर बसलो आणि बोटांच्या टोकांनी क्लच दाबत निघालो. डीमनपर्यंत बंद काचांआड ओरडत होतो, "फेरीच आहे, विन्या! ये परत, ये आणि मला खोटं पाड!"

त्याला आता काही आठवडे झाले. गाडी वहिनींच्या दारात आहे. शनिवारी मी जातो, जॅकेट कोंबतो, एक फेरफटका मारून तिथेच आणून लावतो. परवा वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, सीट पुढे घ्या की. कंबर मोडेल."

"राहू दे," मी म्हटलं. "आला तर त्याचे पाय कुठे मावणार?"