जानराव मिस्त्री आणि दोन कार्बुरेटर

जानराव मिस्त्री गाडी तपासायला आला की आधी भोवतालच्या माणसांना हाकलायचा. "बोलू नोका. गाडीले बोलू द्या," म्हणायचा आणि बॉनेटखाली वाकून रबरी नळीचं एक टोक कानात घालायचा. ती नळी मूळची एनिमाच्या भांड्याची होती. हे कळल्यापासून आमच्या घरी त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला जायचा. त्याला त्याचं काही नव्हतं. डोळे मिटून तो ऐकत राहायचा. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे सुख दिसे, ते मला एरवी कधी दिसलं नाही.

मी तेव्हा अकोल्यात नवा वकील होतो. एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, तेव्हा पक्षकारांवर छाप पडावी म्हणून मी त्याची मोटार घेतली. तिला हवा-पेट्रोल मिसळणारे दोन कार्बुरेटर आहेत, असं साहेबानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. दोन असण्याचा अर्थ मला आठवड्याभरात कळला. उभी असली की ती थरथरायची, चढावर धापा टाकायची, मागून काळा धूर सोडायची. मी कोर्टाच्या आवारात शिरलो की लोक आपापले बैल धरून उभे राहत. छाप पडली, पण भलतीच. दोन कारागिरांनी हात टेकले, तेव्हा कुणीतरी मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातल्या जानरावाचं नाव सुचवलं.

त्यानं दोन्ही कार्बुरेटरना जोडणारी दांडी सैल केली. मग नळीचं मोकळं टोक आधी एकाच्या तोंडाशी धरलं, नंतर दुसऱ्याच्या. स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा ऐकायचं. "पुढचा लय हवा ओढून राह्यला, मागचा उपाशी. दोघायचा दम सारखा पायजे, वकीलसायेब. एकानं ओढाचं अन् एकानं रुसाचं, तं गाडी कशी चालन?" मग प्रत्येकाच्या खालचा नट, पेट्रोल कमीजास्त करणारा. तासाभरानं त्यानं चालू गाडीच्या बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पाणी हललं नाही.

मला त्या कामाचा नादच लागला. दर रविवारी मी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचो. तोही शिकवायचा. "कान बरा हाये तुमचा. हात वकिलाचा हाये, त्याले इलाज नाई," म्हणायचा. शेडच्या मागच्या खोलीत एक ताट, एक पेला, एक तवा. तो स्वतःची भाकर स्वतः थापायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

"मिस्त्री, तुमच्या घरी कोण असतं?" एकदा मी विचारलं.

"कोनी नाई." हातातला पाना पुसून ठेवला, मग म्हणाला, "हाये. चांदूर बाजारले हाये."

बायको होती, गुंफाबाई. माळ्याघरची लेक. काहीतरी बोलाचाली झाली आणि ती दिवाळीला माहेरी गेली. न्यायला कुणी आल्याशिवाय बाईनं सासरी परतणं तेव्हा रीतीत बसत नसे. हा गेला नाही.

"पयल्या साली रागानं गेलो नाई," जानराव म्हणाला. "दुसऱ्या साली लाजेनं. मंग बारा साल झाले."

मी त्याच्या मागेच लागलो. आपल्या गाडीनं जाऊ, तिला घेऊन येऊ. शेवटी तो कबूल झाला. 'रविवारी न्यायला येतो' असं कार्ड त्याच्या नावानं मीच लिहिलं. शनिवारी त्यानं गाडी अशी जुळवली की इंजिन चालू आहे की नाही ते हात ठेवून बघावं लागे.

रविवारी दाढी करून, धुतलेला फेटा बांधून तो बसला. मूर्तिजापूर गेलं, अमरावती आली. अमरावतीला मी चहा घेत होतो, तेव्हा "पाह्यतो जरासक" म्हणून त्यानं बॉनेट उघडलं. तिथून निघालो. चांदूर चार मैलांवर राहिलं असेल, तोच गाडी आचके देऊ लागली आणि मागं काळा धूर.

तो उतरला. दांडी सैल केली, नळी लावली, प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले. दुपार टळली. कडेच्या तुरीत वाळल्या शेंगा वाजत होत्या. तो विहिरीवर पाणी प्यायला गेला, तेव्हा मी वाकून बघितलं. मागच्या कार्बुरेटरचा खालचा नट दोन फेरे उतरलेला, आणि त्याच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे. तो नट आपोआप फिरत नाही, त्याला स्प्रिंग धरून असते. हे मला त्यानंच शिकवलं होतं. जादा पेट्रोलनं प्लग अमरावतीपासून काजळत आले होते, पण पाच मिनिटांचं काम होतं. मी पाना उचलला.

मान वर केली, तर जानराव समोर उभा.

"राहू द्या, वकीलसायेब," तो म्हणाला. "तिनं नाई म्हनलं तं?"

मी पाना खाली ठेवला. कोर्टात भल्याभल्यांना उलटतपासणीत पिळणारा मी, तिथं मात्र सभ्यपणा करून बसलो. त्या सभ्यपणाचा मला आजही राग येतो. नट त्यानंच फिरवून जागेवर आणला, आणि परतीच्या वाटेवर अकोल्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी मी गुंफाबाईंना दुसरं कार्ड टाकलं, की वाटेत गाडी बिघडली म्हणून येता आलं नाही. पुन्हा कधी येतो, ते त्यानं लिहू दिलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी जानराव तापानं गेला. चार खांदेकरी मला शेजारून गोळा करावे लागले. दिवस झाल्यावर मी एकटाच चांदूरला गेलो.

गुंफाबाई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. केस पिकलेले, हात चपळ. बातमी आधीच पोचली होती. कपाळ मोकळं होतं. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, हात थांबले नाहीत.

"कार्ड आलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी म्या गाठोडं बांधून ठेवलं होतं. दिवसभर दारात बसली होती." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगजा. गाडी खरंच बिघडली होती काय?"

"खरंच," मी म्हटलं. "त्यांनी चार तास खटपट केली. उन्हात, उपाशी. गावापासून चार मैलांवर होतो आम्ही."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"चार मैल?" त्या म्हणाल्या. "चार मैल तं मी चालत आली असती, भाऊ."